स्तामेनाच्या फाटकावरचा लायलॅक

इबर नदीकाठच्या त्या गावात कुणाच्याही अंगणात जांभळ्या, सुवासिक फुलांचा लायलॅक फुललेला दिसला, की खुशाल समजावं, त्याचं माहेर स्तामेनाच्या घरी आहे. मुळाशी फुटवा आला की ती तो खणून काढायची आणि दारात येईल त्याच्या हातात कोंबायची. जागा आहे का, हेसुद्धा विचारायची नाही. हिवाळाभर चुलीतली राख झुडपाच्या बुंध्याशी टाकायची आणि फुलं सुकली की आठवड्याच्या आत छाटणी उरकायची. एरवी झुडपाला कात्री लावायची नाही, हा तिचा कायदा.

तो नवऱ्याला सांगायचा तेवढा राहिला. रादिसाव रेल्वेतून निवृत्त झालेला, हाताला चाळा हवा. ऑक्टोबरात ती लेकीकडे गेली आणि त्याने झुडपाचे सगळे शेंडे छाटून ते सपाट, अगदी नीटनेटकं केलं. पुढच्या वर्षीच्या कळ्या त्याच शेंड्यांवर धरलेल्या असतात, हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं.

वसंतात नुसती पानं आली. जुर्जेव्दानच्या सणाला पहाटे फाटकावर फुलांचं तोरण लागतं, आणि चाळीस वर्षं स्तामेनाचं तोरण घरच्याच लायलॅकचं होतं.

"पानं तरी किती टवटवीत आहेत बघ," रादिसाव चाचरत म्हणाला.

"मग भाजी कर आणि खा, म्हाताऱ्या."

सणाच्या पहाटे ती रिकाम्या फाटकाकडे पाठ करून बसली. रडू येत होतं, पण त्याच्यासमोर रडायचं नव्हतं. तेवढ्यात शेजारची कोसारा कवेत मावेना एवढा लायलॅक घेऊन आली.

"परत ने बाई," स्तामेना म्हणाली. "दुसऱ्याच्या कुंपणातलं माझ्या फाटकाला नको."

"दुसऱ्याच्या? माझं लग्न झालं त्या वर्षी फुटवा कुणी दिला होता? मी टोमॅटो लावणार होते तिथे. तू ऐकलंस का माझं?"

स्तामेनाने फुलांत तोंड खुपसलं. वास तोच होता. आता मात्र ती खुशाल रडली, आणि रडता रडताच तोरण गुंफायला बसली. मागून आणखी चौघीजणी आल्या, त्यांच्याही कवेत तिचेच फुटवे फुललेले. तोरण एवढं दांडगं झालं की फाटक मिटेना.

रादिसावने मान तिरकी करून पाहिलं. डावीकडे एक फांदी जरा जास्तच बाहेर आली होती. तो हळूच कात्री घेऊन आला.

"ठेव ती खाली," सहाही बायका एकदम म्हणाल्या.