पालथं तपेलं

सॉसच्या पुडीवर ‘इथून फाडा’ असं छापलेलं असतं आणि ती तिथून सोडून कुठूनही फाटते, ह्याचा मला मनापासून राग येतो. दवाखान्यातल्या आपोआप सुरू होणाऱ्या नळाखाली हात पसरून उभं राहायचं आणि पाणी शेजारच्याच्या हातावर पडायचं, ह्याचाही येतो. आमचं कपडे धुवायचं मशीन काम संपलं की गाणं वाजवतं. मी इतकी वर्षं राबतो आहे, काम संपलं म्हणून कधी गाणं म्हटलेलं मला आठवत नाही. बायको म्हणते, तुम्हाला चिडायला कारण लागतच नाही. असेल. पण ह्या किरकोळ कटकटींतली एक माझ्या पोटावर आली आणि मग काळजाला लागली, ती सांगतो.

आम्ही रंगारी. कैक पिढ्या म्हैसुरात गेल्या. घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड, असा आमचा रिवाज. पूर्वी आमच्यात साड्या रंगवायचे, ठशांनी छापायचे. आता एक भाऊ बँकेत आहे, दुसरा मोटारींचे सुटे भाग विकतो. चूल आणि तपेलं माझ्या वाट्याला आलं. देवराज मोहल्ल्यात शिंप्यांच्या गल्लीत माझं दुकान आहे. साडीला जुळेल असं अस्तर, फॉल, ओढणी, ब्लाऊजपीस मी रंगवून देतो. सकाळी कुवेंपुनगरहून स्कूटरवर जायचं आणि संध्याकाळी त्याच वाटेनं परतायचं.

रंग जुळवायची आमची एकच पद्धत. गिऱ्हाइकानं साडी आणायची. मी ती घेऊन दुकानाच्या उंबऱ्यात उभा राहतो, उन्हाकडे पाठ करून, आणि साडीचा पदर आपल्याच सावलीच्या कडेला धरतो. रंग खरा दिसतो तो तिथेच. दिव्याखाली अबोलीची केशरी होते आणि आमसुलीची काळी, आणि दिव्याखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे पडतात. हे वडिलांनी मला हाताला धरून शिकवलं. त्यांच्या वेळी दुकानात पिवळा बल्ब होता. त्या बल्बवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. तो पैसे मोजायला आणि उंदीर हाकलायला आहे, असं म्हणायचे.

मी पंचविशीत असताना वडिलांनी मोठ्या हौसेनं दुकानात ट्यूबलाइट लावून घेतली. बसवणारा म्हणाला, आता तुमच्या दुकानात सूर्य मावळायचा नाही. त्याच आठवड्यात लग्नघरची माणसं दिवेलागणीला आली. अबोली शालूला जुळणारा ब्लाऊजपीस त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळीच हवा होता. वडिलांनी तो करून दिला, आणि सकाळी तो परत आला. शालू अबोली आणि ब्लाऊजपीस गुलाबी. मी शेजारी उभा होतो.

आमच्यात एक रीत आहे. रंगाऱ्याची नजर गेली की त्यानं आपलं तपेलं आपल्या हातानं घासून दाराशी पालथं घालायचं. मग त्याला कुणी रंगाचं विचारायचं नाही, आणि त्यानंही सांगायचं नाही. वडिलांनी त्या दुपारी तांब्याचं तपेलं चिंचेनं लखलखीत घासलं आणि पालथं घातलं. पुढं बरीच वर्षं ते रोज दुकानात येऊन खुर्चीवर बसले, पेपर वाचला, येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारल्या, पण मी कुठलाही कपडा उंबऱ्यात धरला की ते मान दुसरीकडे वळवायचे. ते गेले तरी तपेलं तिथंच आहे. गिऱ्हाइकं त्यावर पिशव्या ठेवतात.

आता फोन आले. बायका आत येतात आणि साडीऐवजी फोन पुढे करतात. एकच साडी आईच्या फोनवर डाळिंबी दिसते आणि मुलीच्या फोनवर विटकरी, आणि दोघी मलाच विचारतात की खरी कुठली. मी दुकानात कन्नडमध्ये पाटी लावली : फोनवर बघून रंग करून मिळणार नाही, साडी आणा. पाटी बघून काहीजणी हसतात आणि पाटीचाच फोटो काढतात.

ही पाटी मी मोडली ती मुलीसाठी. तिचं सासर टी. नरसीपूरला. तिथं तिचं डोहाळजेवण ठरलं. इकडे त्याला सगळे सीमंतच म्हणतात. तिच्या सासूबाईंनी हिरवी रेशमी साडी घेतली होती. त्यांच्याकडे ओटीच्या साडीची घडी आधी मोडत नाहीत, ती घरातून बाहेरही काढत नाहीत. त्यामुळे मला फक्त घडीचा फोटो आला. मुलगी फोनवर म्हणाली, “अप्पा, ब्लाऊज तुमच्याच हातचा पाहिजे. दुकानातला रेडिमेड मला नको.” ह्यावर बाप काय पाटी दाखवणार?

तेव्हा माझ्या मनात एक धास्ती होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की मोतीबिंदूची सुरुवात आहे, घाई नाही. घाई नाही म्हणे! डोळे त्यांचे नव्हते. तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडताना मला दाराशी पालथं पडलेलं ते तपेलं आधी दिसायचं. हा ब्लाऊजपीस माझ्यासाठी परीक्षा होऊन बसला.

सवयीनं मी फोन घेऊन उंबऱ्यात गेलो, उन्हाकडे पाठ केली आणि तो सावलीच्या कडेला धरला. फोन काळाठिक्कर पडला. साडीच्या जागी माझाच चेहरा, नाकावर चष्मा घसरलेला. समोरचा शिंपी मशीन थांबवून बघत होता. आमच्या जातीचा माणूसच फोन उन्हात नेऊन रंग बघेल, हे मला तेव्हाच कळलं आणि मी मुकाट्यानं आत आलो. आतल्या सावलीत बसून घडीचा रंग डोळ्यांत साठवला. मेंदीच्या पानाकडे झुकणारा हिरवा, वरून किंचित जुन्या सोन्याची झाक. तुकडे बुडवले, वाळवले, पुन्हा बुडवले. ओला रंग गडद दिसतो, वाळला की उतरतो, म्हणून प्रत्येक तुकडा वाळेपर्यंत थांबलो. शेवटचा तुकडा फोनशेजारी ठेवला तेव्हा दोन्हींत फरक दिसेना. मला इतका आनंद झाला की शिंप्याला बोलावून चहा पाजला आणि ब्लाऊजपीस त्याच्याकडेच शिवायला दिला.

सीमंताच्या दिवशी टी. नरसीपूरला सासूबाईंनी घडी उलगडली. साडी मोरपंखी होती. निळ्याकडे झुकणारी, थंड, मोराच्या मानेची. तिच्यावर माझा ब्लाऊज ठेवला तर तो मेंदीच्या चोथ्यासारखा दिसत होता.

खोलीतल्या बायका सगळ्या एकदम बोलायला लागल्या. आजकाल असंच घालतात, जुळणारं कुणी घालतच नाही. मुलीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “अप्पा, कॉन्ट्रास्ट आहे, अष्टे, एवढंच. छान दिसतंय.” तिनं तो ब्लाऊज घातला, त्यातच तिची ओटी भरली, त्यातच फोटो निघाले. मी शेवटच्या पंगतीला बसलो. पानात काय काय होतं ते मला सांगता येणार नाही. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षाही भीती जास्त वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो, माझं तपेलं घासलं आणि वडिलांच्या तपेल्याशेजारी पालथं घातलं. हातात घेतलेली कामं शेजारच्या गल्लीतल्या रंगाऱ्याकडे पाठवून दिली. घरी येऊन बायकोला एवढंच म्हणालो, “संपलं.” तिला रीत ठाऊक होती. ती ओट्याकडे वळली आणि बराच वेळ धुतलेलीच भांडी धूत राहिली. मग म्हणाली, “आयतु, झालं ते झालं. जेवायला तरी बसा.”

मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली. मी घरीच होतो. रिकामा माणूस घरात किती अडचण करतो हे मला त्या दिवसांत कळलं. कुठंही बसलो तरी तिथंच झाडायचं असायचं. एका संध्याकाळी मुलगी माझ्या फोनवर सीमंताचे फोटो बघत बसली होती. एकदम म्हणाली, “अप्पा, तुमच्या फोनात सगळ्यांना कावीळ झाल्यासारखं का दिसतंय?”

मी म्हटलं, मला तर नेहमीसारखंच दिसतंय.

तिनं बोटानं काहीतरी वर सरकवलं, दोनदा दाबलं आणि फोन माझ्यासमोर धरला. माझ्या डोळ्यांदेखत भिंत पांढरी झाली, मुलीच्या गालावरचा पिवळेपणा गेला आणि साडी मेंदीची मोरपंखी झाली. ती म्हणाली, “डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून फोनात एक पिवळा पडदा टाकता येतो. तो तुम्ही टाकलाय, आणि दिवसरात्र ठेवलाय.”

“मी? मला फोनचा आवाज कमी करता येत नाही!”

स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली, “मी घालून घेतलं.” तिच्या हातात उलथनं तसंच होतं. “रोज फोनवर पेपर वाचताना तुमच्या डोळ्यांतून पाणी यायचं. रिचार्जच्या दुकानात विचारलं, तर त्यानं लगेच करून दिलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही सुम्ने, उगाचच ओरडला असता.”

ओरडलोच मी. फोनवर, रिचार्जवाल्यावर, ज्यानं हा पडदा शोधून काढला त्याच्यावर. बायकोवर ओरडायला तोंड उघडलं आणि ते जमलं नाही. तिचे डोळे भरून आले होते. माझे डोळे जपायला गेली आणि तेच माझ्या मुळावर आलं, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

मुलगी उठली आणि तो ब्लाऊज घेऊन आली. पडदा पुन्हा टाकला, साडीचा फोटो मोठा केला आणि ब्लाऊजची बाही शेजारी धरली. ह्या बोटाला ब्लाऊज, त्या बोटाला फोन, मध्ये रंगाची रेघसुद्धा नाही. “अप्पा, तुम्हाला जे दाखवलं तेच तुम्ही रंगवलंत,” ती म्हणाली. मी खुर्चीवर बसलो आणि हसलो. बायको डोळे पुसत म्हणाली, “अय्यो, पोळी करपली.”

सकाळी नेहमीपेक्षा लवकर दुकानात गेलो. शटर वर केलं. दाराशी दोन तपेली पालथी होती, एक तांब्याचं, काळपट पडलेलं, आणि एक माझं. मी माझं सरळ केलं. एकदा पालथं घातलेलं आमच्यात कुणी सरळ केल्याचं मी ऐकलेलं नाही, पण मला त्यात काही गैर वाटलं नाही. माझी नजर गेलेलीच नव्हती, मला पाहायला दिलेला उजेड खोटा होता.

हे मनात आलं आणि माझा हात थांबला. मी वर बघितलं. वडिलांनी लावलेली ती ट्यूब कधीच गेली, तिच्या जागी आता दुसरी आहे, पण पट्टी तीच आहे, तेच दोन खिळे. सूर्य मावळणार नाही, असं त्या बसवणाऱ्यानं सांगितलं होतं. बल्बवर विश्वास न ठेवणाऱ्या माझ्या वडिलांनी त्या पांढऱ्या उजेडाला दिवस मानलं. अबोली त्यांनी त्या उजेडात बघितली आणि त्या उजेडात जशी दिसली तशीच रंगवली. सकाळी तो ब्लाऊजपीस परत आला तेव्हा तो आणि शालू पुन्हा त्या ट्यूबखाली शेजारी धरून बघावेत, हे कुणालाही सुचलं नाही. मग ते इतकी वर्षं त्या खुर्चीवर बसले आणि कपड्यांवरून मान वळवत राहिले.

मी उंबऱ्यात उभा राहून रडलो. समोरच्या शिंप्यानं मशीन थांबवलं आणि काय झालं म्हणून विचारलं.

मी तांब्याच्या तपेल्यावरची धूळ धोतरानं पुसली, ते दोन्ही हातांनी उचललं आणि सरळ करून चुलीवर ठेवलं. त्यात पाणी ओतलं. पहिलं गिऱ्हाईक आलं, बाईंच्या हातात साडी होती. मी ती घेऊन उंबऱ्यात गेलो. आत वडिलांच्या तपेल्यात पाणी तापत होतं.