कॉम्प्युटरला मारलेली थाप

आमच्या गावात मोजायला आलेला माणूस कधी रिकाम्या हाताने परत गेलेला नाही. आधी शेतं मोजली, ती गेली. मग मिठागरं मोजली, तीही गेली. आता उरलंय ते गाढी नदीच्या काठचं एवढंसं गावठाण, आणि तिन्ही बाजूंनी टॉवर. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी एक मुलगी हातात टॅब घेऊन "काका, थोडी माहिती हवी होती" म्हणत दारात उभी राहिली, तेव्हा मी तिला चहा दिला, पण मनात म्हटलं, आली बया! आता हिला काय न्यायचंय?

ती कुठल्याशा संशोधन संस्थेतली होती. पनवेल वाढतंय, पाऊस बदलतोय, खाडीची भरती वर चढतेय, विजेची मागणी वाढतेय. हे सगळं एकत्र कॉम्प्युटरमध्ये घालायचं आणि पुढे कुठे पाणी तुंबेल, कुठे नळ कोरडे पडतील ते बघायचं, असं तिने समजावलं. त्याला ती मॉडेल म्हणायची. मी विचारलं, "आणि ऐन पावसात लाईट गेली तर? पाणी उपसायचे पंप काय तुमचा कॉम्प्युटर चालवणार?"

पोरगी खूशच झाली. "काका, तेच तर! वीज गेली, पंप बंद, खाडीला भरती आणि वरून पाऊस. सगळं एकदम आलं तर काय होईल, तेच आम्ही काढतो."

आपला प्रश्न बरोबर निघाला म्हणून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून संशय आणखी वाढला. गोड बोलणाऱ्यांनीच आजवर आमच्या सह्या घेतल्यात.

माझा स्वभावच तसा. कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर मी उभी हयात काढली. कुठला ड्रायव्हर मुद्दाम केबिनमध्ये बसून राहिलाय, कोणी गाडीत पाण्याचे ड्रम लपवलेत, हे मला चाकांकडे बघून कळायचं. काटा खोटं बोलत नाही, काट्यावर चढवणारा बोलतो. बायको म्हणते, देवाने हातावर प्रसाद ठेवला तरी तुम्ही तो उलटा करून बघाल.

मुलीचा मुख्य प्रश्न होता, पुराचं पाणी घरात किती शिरतं? इथे मला माझी वहिनी आठवली. ती खालच्या आळीत राहते, गावातल्या सगळ्यात खोल घरात. भाऊ गेला, मूलबाळ नाही, आणि अर्धांगाने तिची एक बाजू लुळी पडलीय. माझी आई लवकर गेली, मला भरवून, न्हाऊमाखू घालून मोठं केलं ते हिने. आदल्या वर्षीच्या जुलैत तिच्या पलंगाला पाणी लागलं होतं. आम्ही चौघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलून माझ्या माडीवर आणली. पाणी ओसरल्यावर दुसऱ्याच दिवशी बाई परत आपल्या घरात! मेले तर याच घरातून मला न्यायची, म्हणाली.

मुलीला मी म्हटलं, "उद्या ये, सगळ्यांना विचारून ठेवतो." आणि संध्याकाळी देवळापाशी माणसं गोळा केली. "नीट ऐका," मी म्हटलं. "पाणी येतं म्हणालात की गाव धोक्याचं ठरलं. धोक्याचं ठरलं की उठा, चला दुसरीकडे. आणि आपण गेलो की इथे टॉवर. त्या टॉवरात मात्र पाणी येणार नाही, बघाच!" सगळ्यांना पटलं. न पटायला काय झालं, प्रत्येकाची शेतं तशीच गेली होती.

वहिनीच्या भिंतीवर चिखलाची रेघ राहिली होती. त्या रेघेवर मी स्वतः डिस्टेंपर मारला. वहिनी पलंगावरून बघत होती.

"आरं, पानी नाय येत तर मंग मला खुर्चीत घालून कोनी नेली?"

"वहिनी, खरं बोललीस तर हे घर जाईल. कोणी कितीही गोड बोलू दे, तू एकच म्हणायचं."

घर जाईल म्हटल्यावर तिने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मुलीला तिने सांगितलं, "आमचेकडं पानी येत नाय." मुलीने शून्य भरलं. पुढच्या घरात शून्य, त्याच्या पुढच्या घरात शून्य. मी मनात टाळी दिली. काय डोकं चालवलंय!

या वर्षी पनवेलच्या एका सभागृहात त्यांनी ते मॉडेल दाखवलं. पडद्यावर आमचा सगळा भाग होता. एकेक वर्ष पुढे सरकवलं की इमारती वाढत, आणि निळा डाग पसरत जाई. आमचं गाव मात्र स्वच्छ पांढरं. शेजाऱ्याने मला कोपराने ढोसलं, "वाचलो रे!"

मग पुढचं चित्र आलं. मागच्या टॉवरांचं पावसाचं पाणी खाडीकडे न्यायला एक मोठा नाला काढायचा होता. पांढऱ्या पट्ट्यातून नेला तर कोणाचं नुकसान नाही, असं कॉम्प्युटरचं म्हणणं. तो नाला वहिनीच्या आळीला लागून जात होता. उपसा पंपही दुसरीकडे बसणार होते, कारण आमच्याकडे गरजच नव्हती. भरतीला खाडी उलटी आली की एवढं पाणी जाणार कुठे? थेट तिच्या पलंगावर. आणि या वेळी खुर्ची उचलायला तरी सवड मिळेल का?

मी उठलो. "हे खोटं आहे! आमच्याकडे पाणी येतं. आम्ही खोटं सांगितलं. सगळ्या गावाला मीच शिकवलं."

लोक हसले. समोरचे साहेब म्हणाले, "नाला जातोय म्हटल्यावर पाणी यायला लागलं वाटतं? आता भरपाई हवी असेल!"

मला असा संताप आला! पण चिडू कोणावर? काट्यावर बसून मीही हेच म्हटलं असतं. वर भिंतही मीच रंगवून ठेवलेली.

ती मुलगी तेवढी हसली नाही. "सर, मी परत जाऊन विचारते," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पण तुमचं ऐकून भरणार नाही काका. घरात राहणाऱ्याने स्वतः सांगायला हवं."

रिक्षाने आम्ही थेट वहिनीकडे आलो. मी तिच्या उशाशी बसलो. "वहिनी, हिला खरं सांग. पलंगाला पाणी लागलं होतं ना?"

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मग मुलीकडे, तिच्या हातातल्या टॅबकडे.

"आमचेकडं पानी येत नाय."

"अगं, मीच सांगतोय ना! तेव्हा खोटं बोल म्हटलं होतं, आता खरं बोल!" माझा आवाज चढला. मुलगी दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

वहिनीने चालत्या हाताने माझं मनगट धरलं आणि मला जवळ ओढलं. तिचे डोळे भरले होते.

"खरा सांग," ती हळू आवाजात म्हणाली. "माझा घर द्यायला त्यांनी तुला काय दिला?"