बिंतानची शिडाची बोट

परवा सिंगापुरातल्या सेम्बावांगच्या जेट्टीवर ओल्या दोराचा वास आला आणि मी मनाने थेट इंडोनेशियातल्या बिंतान बेटावर पोचलो.

माझे बाबा जन्मभर दुसऱ्यांच्या होड्यांवर खलाशी. पोराच्या नशिबी दर्या नको म्हणून अर्धपोटी राहून त्यांनी मला शिकवलं. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. सिंगापुरात नोकरी लागली, आणि पहिल्याच मोठ्या सुट्टीत एका शिडाच्या बोटीवर क्रू व्हायला निघालो. फेरीबोटीतून हिरवी बेटं एकेक मागे पडत होती आणि बाबा फोनवर म्हणत होते, "एवढं शिकून शेवटी खलाशीच ना रे?"

बिंतानच्या धक्क्यावर बोटीच्या कप्तानबाईंनी मला न्याहाळलं. "ऑफिसवाला दिसतोस. जमेल का? नाहीतर हीच फेरी पकडून परत जा."

मी सवयीने बूट काढले, बोटीला हात लावून कपाळी नेला आणि मगच पाय ठेवला. आमच्याकडे पायताण घालून होडीवर कुणी चढत नाही.

"बूट काढ म्हणून ओरडावं लागलं नाही, असा पहिलाच!" बाई हसल्या. "चल, दोर धर."

तेव्हा वाटलं होतं, नशिबाने निभावलं. आता कळतं, ती बाबांची शिकवण होती.

आमच्या घराण्यात हौसेखातर दर्यावर गेलेला मी पहिला माणूस.