डाव्या हाताचं माप

माझे सासरे शिंपी. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणतात, आणि मास्तरांना चूक खपत नाही. एक बाही दुसरीहून सूतभर लांब निघाली की पहिला प्रश्न, "कुणाच्या हातून झालं?" मग दोन्ही कारागीर माना खाली घालून उभे. उत्तर मिळेपर्यंत मशीन बंद.

माझी मुलगी जन्मली ती डावा हात कोपराखाली आखूड घेऊन. मास्तरांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुठे पडलीबिडली होतीस का? कसल्या गोळ्या घेतल्यास?" माझे टाके अजून ओले होते. तळपायाची आग मस्तकात गेली.

डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं. "सगळं तपासलं, कारण सापडलं नाही. पोटात वाढताना प्रत्येक बाळात थोडं मागंपुढं होतच असतं. बहुतेक वेळा शरीर स्वतःच सांभाळून घेतं. या वेळी नाही जमलं त्याला." घरात हे कुणाला पटेना. सासूबाईंनी खापर माझ्या चहावर फोडलं, नणंदेने नोकरीवर, आणि नवरा हूं की चूं करेना. शेवटी ठरलं की लोकांचे प्रश्न थांबेपर्यंत मी मुलीला घेऊन माहेरी जावं. ठरवलं सगळ्यांनी, मला सोडून.

जायच्या आदल्या दिवशी मुलीला उचललं आणि तडक दुकानात गेले. मास्तर बाह्या कापत होते. कापड दुमडून ते दोन्ही बाह्या एकदमच कापतात, म्हणजे फरक पडायला नको.

"बाबा, पोटात अशी घडी कोण घालतं हो?"

"काय?"

"दोन हात दोन बाजूंना वाढतात. एकाला दुसरा दिसत नाही. आत टेप नाही, खडू नाही, ओरडायला मास्तर नाहीत. तरी इतक्या माणसांचे हात जोडीला जोड कसे येतात? तुमच्या कारागिरांना तर डोळ्यांसमोर कापड असून जमत नाही."

कात्री थांबली.

"आणि तेही अगदी सारखे येतात का? इतकी वर्षं मापं घेताय. कुणाचे निघाले?"

त्यांनी कात्री खाली ठेवली. मग म्हणाले, "कुणाचेच नाहीत. सूतभर इकडेतिकडे असतंच. आम्ही खांद्यात सांभाळून घेतो. गिऱ्हाइकाला सांगत नाही."

"मग त्यांच्या आयांना विचारलंत कधी, गोळ्या कसल्या घेतल्या म्हणून?"

माझा आवाज चढला होता. कारागिरांनी मशीन थांबवली होती. मास्तरांनी माफी मागितली नाही. ते त्यांच्याच्याने होतच नाही, आणि तो राग माझ्या मनात आजही आहे. त्यांनी गळ्यातला टेप काढला, मुलीला माझ्याकडून घेतलं, कापायच्या टेबलावर निजवलं आणि तिच्या डाव्या हाताचं माप घेतलं. मग उजव्याचं, वेगळं.

तेवढ्यात नेहमीच्या एक गिऱ्हाईक बाई ब्लाउजचं कापड घेऊन आत आल्या. "अगंबाई, हिच्या हाताला काय झालं? आईने जपलं नाही वाटतं."

मी तोंड उघडणार, तोच मास्तर म्हणाले, "हात तसाच वाढलाय. आईने काही केलेलं नाही." आणि त्यांनी बाईंचं कापड उचलून बाईंच्याच पिशवीत परत ठेवलं. "हे दुसरीकडे शिवून घ्या."

बाई फणकाऱ्याने निघून गेल्या. मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू कुठेही जायचं नाहीस. घरी काय सांगायचं ते मी सांगतो."

"नको," मी म्हटलं. "सांगेन मीच. तुम्ही शेजारी उभे राहा."