तात्यांच्या गाडीचा पेन्सिलठसा

आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीत कोपऱ्यातल्या जागेवर आता कल्याणीची लांबलचक गाडी उभी असते. मला मात्र तिथे अजून तात्याराव ओव्हाळांची क्रीम रंगाची फियाटच दिसते.

तात्या आरटीओतले कारकून. बायको भाजीला निघाली तरी पिशवीचे कागद तपासतील, असा माणूस. इंजिन नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीनं घासलेला ठसा जरा पुसट आला, की अर्ज परत! सीताराम मेकॅनिकनं तर तीन-तीन हेलपाटे घातलेले.

निवृत्तीनंतर, २००१ च्या मे महिन्यात, तात्या रेडिएटरमध्ये पाणी घालायला विसरले आणि फियाटचं इंजिन आळंदी रस्त्यावर जाम झालं. इकडे त्यांची लेक कल्याणी हिंजवडीच्या कंपनीत सोमवारी रुजू होणार. पहिल्या दिवशी आपल्या गाडीतून सोडीन, हा ती दहावीत असताना तात्यांनी तिला दिलेला शब्द.

सीतारामनं दुसऱ्या गाडीचं, नवे पिस्टन घालून बांधलेलं इंजिन बसवलं.

"तात्या, जुनाच नंबर ठोकू का यावर? कुणाला कळतंय!"

"मला कळेल."

"मग आरटीओसाठी नव्या नंबरचा काढा ठसा," म्हणत सीताराम चहा घेऊन ऐसपैस बसला.

तात्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत. पहिला ठसा पुसट, दुसरा कागद फाटला. मी गॅलरीतून विचारलं, "काय तात्या, अर्ज परत का?"

"तुमच्या स्कूटरचं पीयूसी कधी संपलंय, सांगू का खालून ओरडून?"

मी आत गेलो.

शेवटी ठसा काढला कल्याणीनं. लहानपणी दर रविवारी तात्या तिला कागदाखाली नाणी ठेवून ठसे काढायला शिकवत. तो हात अजून शाबूत होता.

शुक्रवारी आरटीओच्या खिडकीत त्यांच्याच हाताखाली शिकलेला श्रीधर. "जय भीम, साहेब. ठसा झकास. पण नोंद बुधवारी होईल. तोवर गाडी रस्त्यावर नको. तुम्हीच शिकवलंत."

"एक दिवस कोण बघतंय हो?" तात्यांच्या पत्नी प्रेमलावहिनी रविवारभर म्हणत होत्या. तात्या गाडी धूत राहिले.

सोमवारी सकाळी कल्याणी नवा ड्रेस घालून पुढच्या सीटवर बसली. तात्यांनी इंजिन सुरू केलं. काय गोड आवाज! पाच मिनिटं बापलेक समोरच्या कंपाउंडच्या भिंतीकडे बघत बसले. मग तात्यांनी किल्ली काढली आणि थेट हिंजवडीपर्यंत रिक्षा ठरवली.

रिक्षा काही हलेना. मी वाकून पाहिलं, तर तात्या रिक्षावाल्याचं लायसन उजेडात धरून वाचत होते.

"बाबा, चला ना!" आतून कल्याणी हसत ओरडली. "पहिल्याच दिवशी उशीर होईल!"