मीरिमची आई

आमच्या गावात बुरुलआपाच्या वाकड्यात कुणी शिरत नाही. घोडीचं दूध आंबवून ती घाटरस्त्याला विकते आणि भाव पाडू बघणाऱ्या ट्रकवाल्याला कोरडाच पाठवते. मी तिची शेजारीण. तिच्या शिव्या मीही खाल्ल्यात.

पण या हिवाळ्यात तिची अकरा वर्षांची मीरिम स्वतःचे केस उपटायला लागली, तेव्हा हीच बाई माझ्या चुलीपाशी बसून रडली. पोर जेवेना, झोपेना. शाळेतल्या मानसतज्ज्ञ बाई म्हणाल्या, शहरातल्या डॉक्टरला दाखवायलाच हवं, पण पालकांची सही लागेल. कागदोपत्री पालक म्हणजे तिचा जन्मदाता, बुरुलआपाचा मुलगा जोमार्त. तो मॉस्कोत टॅक्सी चालवतो.

हेडमास्तरांनी शाळेत बुरुलआपा, मीरिम, मानसतज्ज्ञ बाई आणि मी, अशा सगळ्यांसमोर त्याला स्पीकरवर फोन लावला.

"माझी पोरगी वेडी नाहीये!" जोमार्त कडाडला. "दवाखान्यात एकदा नाव लागलं की उद्या तिला कोण करून घेईल? बाप मी आहे. मी सही देणार नाही."

"नियम आहे, आपा," हेडमास्तर हात चोळत म्हणाले.

"बाप?" बुरुलआपाने फोनच ओढून घेतला. "मेंढी कापून, चारचौघांत हिला माझ्या मांडीवर कुणी ठेवलं? माझं पहिलं लेकरू तुझं, आजपासून तूच हिची आई, असं कोण म्हणालं? तूच ना? ती तापाने फणफणली तेव्हा कुठं होता बाप? लग्नाची काळजी करतोय मेला. आधी जगू तर दे तिला!"

"आई, तुला यातलं काही कळत नाही."

"मला तिच्या उशीवरचे केस कळतात."

मग मीरिम उठली. डोक्यावरचा रुमाल तिने घट्ट केला आणि फोनपाशी आली. आमच्याकडे पहिलं पोर आजीला द्यायची रीत आहे, आणि असं पोर आजीला आई आणि जन्मदात्याला भाऊच म्हणतं.

"दादा," ती म्हणाली, "मला जायचंय. आईला अडवू नकोस."

बुरुलआपाने फोन बंद करून टेबलावर ठेवला.

"दादाचं बोलून झालं," ती हेडमास्तरांना म्हणाली. "आता आई सही करते. पेन द्या, नाहीतर मी शोधून घेते."

हेडमास्तर खिडकीबाहेर बघायला लागले. पेन मानसतज्ज्ञ बाईंनी पुढे केलं. बुरुलआपाने कागदावरच्या 'आई' या शब्दापुढे स्वतःचं अख्खं नाव लिहिलं आणि मीरिमचा हात धरला.

"चल गं, शहराची बस चुकेल."