पत्ता स्टेशनापासूनच

घरी यायला एकच रस्ता असतो, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला: कोलशेतच्या आमच्या कारखान्यातले कॉम्प्युटर सांभाळणारे सिस्टिमवाले. राहायचे डोंबिवलीला. पत्ता विचारला की स्टेशनापासून सुरू, मग विचारणारा कुठूनही येत असो. एकदा मी कल्याणहून रिक्षाने नेमका त्यांच्या बिल्डिंगसमोर उतरलेलो, तर गॅलरीतून म्हणाले, "इथून कसा आलास? पुढच्या वेळी चुकशील." पुढच्या वेळी मी खरंच चुकलो, आणि हे त्यांनी ऑफिसभर सांगितलं.

ऑफिसात तर विचारूच नका. नव्वदीच्या सुरुवातीला आमचे सगळे नकाशे एका मोठ्या कॉम्प्युटरवर असायचे. बाकीचे कॉम्प्युटर ते तिथूनच 'माउंट' करून, म्हणजे आपल्याच पोटात असल्यासारखे वापरायचे. पण जोडताना प्रत्येक खात्याने त्या कप्प्याला आपापलं नाव दिलेलं. डिझाइनमध्ये 'नकाशे', आमच्या एस्टिमेटमध्ये 'ड्रॉइंग', स्टोअर्समध्ये तिथल्या साहेबांच्या मुलीचं नाव. त्यामुळे डिझाइनमध्ये सुरळीत चालणारा प्रोग्रॅम आमच्याकडे आला की फाइल सापडत नाही म्हणून हात वर करायचा. फाइल जागेवरच, वाट तेवढी वेगळी. सिस्टिमवाल्यांनी सगळ्यांशी भांडून सगळीकडे एकच नाव लावलं. स्टोअर्सचे साहेब रुसले ते रुसलेच. पुढे नकाशे नव्या डिस्कवर गेले, तेव्हाही यांनी जुन्या नावाची पाटी तिथेच ठेवली, म्हणजे जुन्या वाटेने आलेला प्रोग्रॅम आपोआप नव्या जागी पोचेल. एवढा खटाटोप कशाला म्हणून आम्ही हसलो. ते म्हणाले, "शोधणाऱ्याला काय माहीत, आपण हललोय ते?"

हे कुणाबद्दल, ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा मुलगा कॉलेज सोडण्यावरून भांडून घरातून निघून गेलेला. कुठे, ते कुणालाच माहीत नाही. तो आलाच तर याच दारात येणार, म्हणून यांनी घर बदलायचं नावच काढलं नाही. त्यांच्या बायकोचे, म्हणजे काकूंचे गुडघे गेले, तीन जिने चढवेनात, तरी हे ढिम्म. शेवटी काकूंनीच बोलणं बंद केलं, तेव्हा कुठे कल्याणला तळमजल्यावर जागा घेतली.

सामान लावायला मी गेलेलो. काय छळलं हो या माणसाने! माठ खिडकीच्या डावीकडेच हवा, वर पेला उपडा, चपला दाराआड, सगळं डोंबिवलीसारखं. डावीकडे नेमका मागचा दरवाजा येत होता, तर माठासाठी तो कायमचा बंद केला. काकूंनी कपाळाला हात लावला. जुन्या बिल्डिंगखालच्या वाण्यालाही यांनी नवा पत्ता पढवलेला, अर्थात कल्याण स्टेशनापासून. तो बिचारा साखर घ्यायला आलेल्यालाही सांगत सुटायचा.

पुढच्या दिवाळीच्या आसपास मी त्यांच्याकडे चहाला बसलेलो असताना मुलगा दारात येऊन उभा राहिला. वाण्याने सांगितलं म्हणाला. त्याने दाराआड चपला काढल्या, सरळ आत गेला आणि न बघता डावीकडे हात घातला. पेला हाताला लागला तसा तो तिथेच थांबला.

सिस्टिमवाले खुर्चीतूनच म्हणाले, "सापडलं?"

"हो," तो म्हणाला, आणि माठाकडेच तोंड करून उभा राहिला.

काकू डोळे पुसत होत्या. माझा चहा तसाच राहिला. माझं घर पलीकडच्याच गल्लीत, पण त्या दिवशी मी स्टेशनावरून गेलो.